सुतारांच्या ढोल्या : सिमरोल रस्त्यावरच्या पडीक रानातल्या नोंदी

९ फेब्रुवारी, रविवार

आजपासून सुरुवात. मामांचं शेत इंदूरहून खंडवा रस्त्याने पंचवीसेक किलोमीटरवर, सिमरोलच्या जरा अलीकडे. शेतामागे नाला आणि नाल्यापलीकडे आठ बिघे पडीक. हातभर खाली मुरूम लागतो, म्हणून तिथे कधी नांगर फिरला नाही. पळस, धावडा, तेंदू, बाभूळ, मोहाची चार म्हातारी झाडं, दोन शिरीष आणि एक सालई, सगळी आपापलं अंतर राखून उभी आहेत. जंगल म्हणावं तर मधून बैलगाडी जाईल, माळ म्हणावं तर डोक्यावर सावली आहे. असं विरळ रान सुतार पक्ष्यांना मानवतं. मी लहानपणापासून इथे त्यांची टकटक ऐकत आले, पण त्यांचं घर कुठल्या झाडात आहे हे कधी शोधलं नव्हतं. यंदा शोधायचं ठरवलं आहे.

बरोबर भाची आहे, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. वाटेत भंवरकुआँला पोहे खाल्ले. तिने वरचा जीरावन मसाला जरा जास्तच घालून घेतला आणि मग पाण्याची अर्धी बाटली तिथेच संपवली.

काम असं वाटून घेतलं: कवेत न मावणाऱ्या प्रत्येक झाडाला क्रमांक द्यायचा, त्यातल्या प्रत्येक ढोलीची जमिनीपासूनची उंची आणि तोंडाची दिशा लिहायची, आणि ती जिवंत लाकडात आहे की वाळक्या तेही. उंचीसाठी फुटाफुटावर रंगाचे पट्टे ओढलेला बांबू, दिशेसाठी मोबाईलवरचं होकायंत्र.

संध्याकाळपर्यंत ४३ झाडं झाली. त्यातल्या ११ झाडांत मिळून १९ ढोल्या. १७ वाळक्या लाकडात. उरलेल्या दोन मोहाच्या जिवंत खोडात आहेत, पण त्या कोणी कोरलेल्या नाहीत. फांदी तुटली, पाणी मुरलं, कुजून पोकळी झाली. त्यांची तोंडं वेडीवाकडी आहेत. म्हणजे चोचीने कोरलेली एकूण एक ढोली वाळक्या लाकडात आहे. हा आकडा मी दोनदा मोजला.

कोरलेली ढोली ओळखायला सोपी असते. तोंड गोल, कड नीट तासलेली. मात्र गोल ढोली दिसली की ती सुताराचीच असं नाही. तांबटही कोरतो आणि कुटुर्गाही. त्यांच्या जाड चोचीला सुताराइतकं कठीण लाकूड झेपत नाही, म्हणून ते जास्त कुजलेली फांदी निवडतात. पक्षी आत-बाहेर करताना दिसेपर्यंत वहीत फक्त 'कोरलेली' एवढंच लिहायचं, जातीचा रकाना कोरा ठेवायचा.

निघताना मामा म्हणाले, "त्या नाल्याकाठच्या शिरीषाला नंबर कशाला दिलास? तो मेलाय. होळीच्या आधी पाडायचाय त्याला." वहीत तो शि-१ आहे आणि त्यात चार ढोल्या आहेत. मी म्हटलं, मामा, जूनपर्यंत थांबा. ते काही बोलले नाहीत.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी ७.१० ला शि-१ च्या शेंड्यावरून ताशा वाजल्यासारखा आवाज. सोनपाठी सुताराचा नर. कपाळापासून तुऱ्यापर्यंत सगळं डोकं लाल, पाठ सोनेरी पिवळी, शेपटीच्या वरचा भाग काळा. मादी खालच्या फांदीवर होती. तिचा फक्त मागचा तुरा लाल, कपाळ काळं आणि त्यावर पांढरे ठिपके. जोडी ओळखायला एवढं पुरतं.

हे वाजवणं आणि खाणं शोधण्यासाठी टोचणं यांत फरक आहे. खाणं शोधताना तो एक-दोन ठोके देतो, थांबतो, मान वाकडी करून बघतो, पुन्हा ठोकतो. वाजवताना सलग देतो आणि त्यासाठी घुमणारी फांदी निवडतो. आज त्याने पाच वेळा वाजवलं, पाचही वेळा त्याच टोकावर. शेजारच्या हिरव्या बाभळीकडे ढुंकून पाहिलं नाही. ओल्या लाकडातून असा नाद येणार नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

ढलप्या सापडल्या!

शि-१ च्या बुंध्याशी, वाळक्या गवतावर ताज्या ढलप्यांचा विखुरलेला सडा. वर पाहिलं तर साडेचौदा फुटांवर, नाल्याकडे कललेल्या फांदीच्या पोटाशी नवं तोंड. मादी अर्धी आत होती, शेपटी बाहेर.

मूठभर ढलप्या रुमालात घेऊन बांधावर बसले. बहुतेक नखाएवढ्या, काही करंगळीच्या पेराएवढ्या. एका अंगाला रंग ताज्या पोळीसारखा, दुसऱ्या अंगाला करडा, त्यावर बारीक काळ्या रेघा. बोटांत चुरल्या तर भुगा झाला. वास पावसाळ्यात सरपणाच्या खोलीत येतो तसा, ओलसर आणि किंचित गोड. त्या काळ्या रेघा बुरशीच्या. फांदीवर दोन हात पलीकडे टणक अळंबीचे तीन थर आलेले आहेत, तेही तिचंच काम. बुरशी आधी आतला गाभा मऊ करते आणि बाहेरचं कवच बराच काळ टणक राहतं. सुताराला हेच हवं असतं: आत कोरायला सोपं, बाहेरून मजबूत. त्याची चोच कितीही दणकट असली तरी धडधाकट झाडात घर करणं त्याला फार महाग पडतं. बुरशी त्याच्या आधी काही वर्षं कामाला लागलेली असते.

भाचीने विचारलं, एवढे ठोके मारून त्याचं डोकं कसं दुखत नाही? माझ्या शाळेच्या पुस्तकात उत्तर होतं की कवटीतलं स्पंजासारखं हाड धक्का शोषून घेतं. ते आता मागे पडलं आहे. बेल्जियममधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये वेगवान कॅमेऱ्याने तीन जातींचे सुतार टिपले आणि दाखवलं की कवटी धक्का शोषत नाही, ती हातोडीसारखी ताठ असते. शोषला असता तर ठोक्याची ताकदच वाया गेली असती. मेंदू वाचतो तो लहान असल्यामुळे. ही गोष्ट मला फार आवडली. लाकडावर मारायची हातोडी कोणी उशीत गुंडाळत नाही.

आज दोघं मिळून सकाळी ८ ते ११ कोरत होते. एक थकला की दुसरा. पाळी बदलताना आतला पक्षी आधी चोचभर भुसा बाहेर फेकतो, मानेला झटका देत, दहा-बारा वेळा.

२ मार्च, रविवार

ढोलीत आता मादीची शेपटीही मावते. बसायची जागा ठरवली: नाल्याच्या अलीकडचा बांध, झाडापासून ३० पावलांवर. यापेक्षा जवळ नाही. मोबाईलवर आवाज लावून पक्ष्याला बोलवायचं नाही. कपडे मातकट. राखणदार दादांनाही सांगितलं. ते म्हणाले, "कठफोड़वा है बाई, वो कहाँ जाएगा." पण दुपारी गुरं पाण्यावर नेताना ते स्वतःच वळसा घालून गेले.

९ मार्च, रविवार

आजचा दिवस मराठा सुताराचा.

उताराच्या वरच्या अंगाला, मो-३ च्या, म्हणजे तिसऱ्या क्रमांकाच्या मोहाच्या, वाळक्या फांदीवर, साळुंकीपेक्षाही लहान पक्षी सरसर वर चढत होता. पाठीवर काळं-पांढरं ठिपक्यांचं विणकाम, छातीवर तपकिरी रेघा, पोटाच्या मध्यावर कुंकवाचं बोट पुसल्यासारखा लाल डाग. कपाळ पिवळं आणि त्यामागे लाल, म्हणजे नर. मादीच्या डोक्यावर लाल नसतं. पक्षीतज्ज्ञ लॅथमने १८०१ मध्ये याचं शास्त्रीय वर्णन केलं तेव्हा जातीचं नाव 'मराठेन्सिस' ठेवलं, आणि इंग्रजीतही याला बराच काळ 'मराठा वुडपेकर' म्हणत. होळकरांच्या मुलखात, मराठी घराच्या शेतात तो दिसावा याचा मला मनापासून आनंद झाला. भाचीने तर मामींना फोन करून सांगितलं.

सोनपाठी शहरातही दिसतो. रेसिडेन्सी भागातल्या जुन्या झाडांवर, बंगल्यांच्या आंब्यांवर मी तो अनेकदा पाहिला आहे. मराठा सुतार तसा नाही. त्याला मोकळं, कोरडं, विरळ झाडांचं रान हवं. दाट जंगलही त्याला नको.

आज तो फक्त जागा पाहत होता. तीन ठिकाणी ठोकून पाहिलं आणि उडून गेला.

१२ मार्च, बुधवार

कामाचा दिवस, तरी जावं लागलं. सकाळी मामांचा फोन: गावातली मुलं होळीसाठी लाकूड मागायला आली आहेत आणि त्यांची नजर शि-१ वर आहे. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

पोचले तेव्हा कुऱ्हाड घेतलेली पाच-सहा मुलं झाडाखाली उभी, मामा बांधावर. मी काही बोलायच्या आत मामाच म्हणाले, "ह्यात पाखरं आहेत. विहिरीजवळ बाभळीच्या छाटलेल्या फांद्या पडल्यात, त्या न्या." मुलांनी थोडी कुरकुर केली. एकाने झाडाच्या बुंध्यावर कुऱ्हाडीचा तुंबा आपटला तेव्हा ढोलीच्या तोंडाशी मादीचं डोकं आलं, काळी-पांढरी मान आणि मागे लाल तुरा. सगळी गप्प झाली. मग बाभळीकडे गेली.

मामांना विचारलं, जूनपर्यंत ना? "बघू," म्हणाले.

१९ मार्च, बुधवार, रंगपंचमी

शहरात गेर, रंगपंचमीची मिरवणूक, निघाली असेल, राजवाड्याला पाय ठेवायला जागा नसेल. आम्ही इथे.

आज माझ्या हातून चूक झाली. नोंद असावी म्हणून लिहिते आहे. मोबाईलला जोडायचा वायरवाला छोटा कॅमेरा मी मुद्दाम मागवला होता. दोन्ही पक्षी बाहेर आहेत असं पाहून बांबूच्या टोकाला तो बांधला आणि ढोलीच्या तोंडातून आत सरकवला. पडद्यावर काही सेकंद चित्र आलं: तळाला भुसा, गवत नाही, पीस नाही, अस्तर म्हणून काहीच नाही, आणि त्या उघड्या भुशावर तीन लांबट पांढरी अंडी, पॉलिश केल्यासारखी चकचकीत. इतकं पाहिलं आणि मागून मादीचा ओरडा आला. घोडी खिंकाळावी तसा, चढत जाणारा.

बांबू काढला, पळत बांधाच्या मागे गेले. मादी समोरच्या पळसावर बसली, खोडामागे लपली, डोकावली, पुन्हा लपली. नरही आला. ढोलीकडे कोणी जाईना. ८.०५ ला मी बांबू काढला होता. ८.५२ ला मादी आत शिरली. ४७ मिनिटं. ऊन तापत होतं, अंडी उघडी होती. त्या ४७ मिनिटांत मी जे काही कबूल केलं ते स्वतःपुरतंच राहू दे.

कॅमेरा आता कपाटात. तीन अंडी आहेत हे कळून ढोलीचं काहीच भलं झालं नाही. सुताराची अंडी पांढरीच असतात, अंधाऱ्या ढोलीत त्यांना लपवायला रंग लागत नाही. एवढं मला आधीही माहीत होतं.

२३ मार्च, रविवार

७ ते १२ बांधावर. पाळ्या बदलल्या ७.४०, ९.०५ आणि १०.५० ला. बाहेरचा पक्षी येतो, ढोलीच्या खाली एक हातावर खोडाला चिकटतो, हळू आवाज करतो. आतला डोकं काढतो, इकडे-तिकडे बघतो, सरळ उडून जातो. दुसरा लगेच आत. अंडी पाच-सात सेकंदही एकटी राहत नाहीत. हे पाहिल्यावर बुधवारची ४७ मिनिटं आणखी लागली.

संध्याकाळी ६.३५ ला नर आत गेला तो बाहेर आला नाही. बहुतेक सुतारांमध्ये रात्री अंड्यांवर बसायचं काम नराचं असतं.

३० मार्च, रविवार, पाडवा

सकाळी गुढी उभारली, कडुनिंब-गूळ खाल्ला, आणि ९ वाजता शेतावर.

पाळीची रीत बदलली आहे. आता येणारा पक्षी आत जातो, मिनिटभर राहतो आणि पुन्हा निघून जातो, दुसरा यायची वाट पाहत नाही. दोन तासांत ९ फेऱ्या. म्हणजे पिल्लं निघाली. अंडी उबायला साधारण ११ दिवस लागतात. १९ तारखेला तीन होती, हिशेब बरोबर बसतो.

११.२० ला नर चोचीत पांढरं काहीतरी घेऊन बाहेर आला आणि नाल्यापलीकडे जाऊन टाकलं. पिल्लांची विष्ठा. घर ते स्वच्छ ठेवतात.

मामी पुरणपोळीचा डबा घेऊन बांधावर आल्या. त्यांनाही दुर्बीण दिली. बराच वेळ पाहिल्यावर म्हणाल्या, "अगं, हा तर शेपटीवर बसतो!" खरंच आहे. शेपटीची पिसं ताठ आणि टोकदार असतात, ती खोडाला टेकवली की तिसरा पाय मिळतो. पायाची दोन बोटं पुढे, दोन मागे. पिसं झडायच्या हंगामातही शेपटीची मधली दोन पिसं सगळ्यात शेवटी गळतात. तोवर बाजूची नवी आलेली असतात, म्हणून टेकू कधी सुटत नाही.

६ एप्रिल, रविवार

मो-३ वर मराठा सुताराची ढोली पुरी झालेली दिसते. वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला, ११ फुटांवर, तोंड जेमतेम रुपयाच्या नाण्याहून मोठं. नर आत बसलेला.

शि-१ वर पोपटांचा त्रास. तीन पोपट ढोलीच्या तोंडाशी उलटे लटकून कड कुरतडत होते. पोपट सहसा स्वतः ढोली कोरत बसत नाही, दुसऱ्याची रुंद करून घेतो. मादी आतून चोच मारत होती. नर येऊन धडकला तेव्हा ते उडाले. दिवसभरात हे चार वेळा झालं. साळुंक्यांची एक जोडीही चकरा मारते आहे. रानात ढोल्या १९ आणि गिऱ्हाइकं कितीतरी जास्त, असं आता सारखं वाटतं.

१३ एप्रिल, रविवार

ऊन फार. १० नंतर बसवेना.

ढोलीजवळून पिल्लांची सलग गुणगुण येते, आग्या माश्यांचं पोळं हलवल्यासारखी. आज पहिल्यांदा एक तोंड बाहेर आलं. चोच अजून आखूड, तुरा मात्र लाल. आई आली आणि तिचं जवळजवळ अर्धं डोकं पिल्लाच्या घशात गेलं.

१८ एप्रिल, शुक्रवार

गुड फ्रायडेची सुट्टी होती म्हणून जमलं. नाहीतर चुकलंच असतं.

६.४० ला एक पिल्लू तोंडाशी, छातीपर्यंत बाहेर. मादी समोरच्या पळसावर, चोचीत काही नाही, नुसती हाका मारते. पिल्लू मागे सरकलं, पुन्हा आलं. असं सव्वा तास. ७.५८ ला ते सुटलं. उडणं म्हणजे तिरकं पडणंच, पण पळसाच्या खोडाला जाऊन आपटलं आणि तिथेच चिकटलं, पंजे पक्के. मग शेपटी टेकवली. कोणी शिकवलेलं नव्हतं. भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्याही.

दुसरं १०.१५ ला. तिसरं आम्ही असेपर्यंत निघालं नाही. पिल्लं घरटं सोडायला साधारण २० दिवस घेतात, त्याप्रमाणे आज-उद्या तेही निघेल.

२० एप्रिल, रविवार

शि-१ ची ढोली रिकामी. तिन्ही पिल्लं नाल्यापलीकडच्या बाभळींवर, आई-बाप भरवत आहेत. बाभळीच्या सालीवर काळ्या मुंगळ्यांची रांग होती, बाप ती जिभेने टिपत होता. सुताराच्या जिभेला आधार देणारी हाडं कवटीच्या मागून वळसा घालून वर जातात, म्हणून जीभ एवढी लांब बाहेर येते.

२७ एप्रिल, रविवार

सकाळी रालामंडलला गेलो, तुलना करायला. १९८९ पासूनचं अभयारण्य, टेकडीवर होळकरांचं शिकारखान्याचं घर. तीन तास फिरलो. सोनपाठी दोनदा, मराठा सुतार एकदा ऐकला. चढावर साग पुष्कळ, पण एका वयाचा आणि सरळसोट. अशा झाडांत ढोल्या कमी दिसल्या. जिथे जुनी, वाकडी, अर्धी वाळलेली झाडं मधेच राहिली आहेत तिथे बऱ्यापैकी. तीन तासांवरून निष्कर्ष काढायचा नाही, पण वहीत लिहून ठेवलं. पांढऱ्या मानेचा सुतारही अशाच कोरड्या विरळ रानातला, तो दिसेल अशी आशा होती. नाही दिसला.

दुपारी शेतावर. मो-३ ला भरवणं सुरू! नराच्या चोचीत पांढुरक्या अळ्या स्पष्ट दिसल्या.

५ मे, सोमवार

काल संध्याकाळी वादळ झालं. आमच्या राजेंद्रनगरातही दोन झाडं पडली, रात्रभर वीज नव्हती. सकाळी ६ ला निघाले.

मो-३ ची वाळकी फांदी खाली होती. तुटली ती नेमकी ढोलीपाशी, कारण तिथेच कवच सगळ्यात पातळ. जोडी वरच्या फांद्यांवर सारखी 'क्लिक-र्र्र' करत होती, चोचीत खाणं घेऊन. नर त्या तुटक्या टोकाशी तीनदा जाऊन आला.

एक पिल्लू फांदीजवळ पालापाचोळ्यात मिळालं, मेलेलं. अंगठ्यापेक्षा थोडं मोठं. पाठीवर पिसांच्या नळ्या नुकत्या फुटू लागलेल्या, त्यांच्या टोकांशी पांढरे ठिपके आधीच उमटलेले. डोळ्यांच्या फटी जेमतेम उघडलेल्या. पायाच्या टाचांना जाड खरबरीत गाद्या होत्या. ढोलीत अस्तर नसतं, उघड्या लाकडावर पिल्लं टाचांवर बसतात, त्यासाठी त्या असतात. तळहातावर घेतलं तेव्हा ते थंड होतं आणि वजन जाणवत नव्हतं. बाकीची सापडली नाहीत. त्याला मोहाच्या मुळाशी पुरलं.

फांदी मामांच्या ट्रॅक्टरवर टाकून शहरात आणली.

११ मे, रविवार

शेतावर गेले नाही. फांदी घेऊन लोकमान्य नगरातल्या आमच्या सुतारकाकांकडे. त्यांनी लाकूड हातात घेतलं, नखाने दाबलं, बोटाच्या पेराने ठोकलं आणि म्हणाले, "वरचं अंगठाभर लाकूड अजून धरून आहे, आतलं गेलंय. ह्यात खिळा बसणार नाही." पक्षीही ठोकूनच ठरवत असणार. मग त्यांनी उभी चीर दिली आणि ढोली दोन अर्ध्या नारळांसारखी उघडली.

फांदीची जाडी १३ सेंटिमीटर. तोंड ४ सेंटिमीटर, काटकोनात आत शिरणारं. आत गेल्यावर लगेच खाली वळण आणि १७ सेंटिमीटर खोल विहीर, तळाशी ८ सेंटिमीटर रुंद. तोंडाच्या उंबऱ्याला आतल्या बाजूने किंचित उतार बाहेरच्या दिशेने, म्हणजे चुकून आलेलं पाणी आत न जाता बाहेर यावं. काकांनी त्या उतारावरून दोनदा बोट फिरवलं. "पटाशीने करायला मला अर्धा दिवस लागला असता," म्हणाले. आतल्या भिंतीवर चोचीचे ठसे एकाशेजारी एक, तासणीच्या खुणांसारखे. तळाशी भुसा आणि एका भुंगेऱ्याचं हिरवं पंख-कवच.

पैसे घेतले नाहीत. एक अर्धुक मात्र ठेवून घेतलं, कारखान्यात भिंतीवर लावायला.

१८ मे, रविवार

शि-१ ची रिकामी ढोली आता भांगपाडी मैनेची. नर तुरा फुलवून तोंडाशी, मादी वाळकं गवत आणि एक निळा प्लॅस्टिकचा दोरा आत नेताना. पोपट आणि साळुंक्या दोघांना चुकवून तिने जागा मिळवली. त्याच झाडातल्या बाकीच्या जुन्या ढोल्यांपैकी एकीत दयाळ आहे. सुताराने एकदा कोरलं की पुढे अनेक बिऱ्हाडं राहून जातात. स्वतः तो सहसा दर वर्षी नवी कोरतो, आणि म्हणूनच बाकीच्यांचं चालतं.

२२ मे, गुरुवार

संध्याकाळी रेसिडेन्सीकडून येताना पावसाळ्याआधीची छाटणी चालू दिसली. तारांजवळच्या फांद्या कापतात ते समजू शकते, पण तारेपासून लांब, रस्त्याच्या आतल्या अंगाला असलेली वाळकी फांदीही उतरवली. ट्रॉलीत तिची ओंडकी पडली होती, एकात गोल तोंड. थांबून आत टॉर्च मारला. रिकामी होती. कापणाऱ्या माणसाला विचारलं, फांदी उतरवण्याआधी ढोल्या बघता का? म्हणाला, "मैडम, हमें तो सूखी सब काटने का बोला है." त्याचा दोष नाही. मे महिना पाखरांचा ऐन हंगाम आहे, हे आदेश लिहिणाऱ्याने लिहायला हवं. अर्ज करणार आहे: रस्त्यावर पडण्याचा धोका नसेल तिथे वाळकी फांदी राहू द्यावी, आणि धोका असेल तर कापण्याआधी खालून ताज्या ढलप्या आणि वर गोल तोंड आहे का ते पाहावं. दोन मिनिटांचं काम आहे.

१ जून, रविवार

मराठा सुताराच्या जोडीने पुन्हा सुरुवात केली आहे! मो-३ च्याच दुसऱ्या वाळक्या फांदीत, ९ फुटांवर, तोंड पुन्हा पोटाच्या बाजूला. खाली ढलप्या, या वेळी बारीक आणि जास्त काळपट. फांदी आधीच्यापेक्षा जाड आहे. मी मोजली नाही, खाली उभी राहूनच मनाला बरं वाटलं.

मामा पंपाच्या खोलीबद्दल बोलले. वाळकी सालई खोलीवर झुकली आहे, पावसात पडली तर पत्रे जातील. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. मी विचारलं, फक्त झुकलेली फांदी काढून खोड ठेवता येईल का? त्यांनी झाडाभोवती फेरी मारली, वर पाहिलं, राखणदार दादांशी बोलले. ठरलं: फांदी काढायची, दहा फूट खोड उभं ठेवायचं. त्यात सध्या घरटं नाही हे मी दोन सकाळी बसून पाहून घेईन, मगच करवत.

शि-१ चा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही.

८ जून, रविवार

सालईची फांदी उतरवली. खोड उभं. मामांनी स्वतः पांढऱ्या रंगाने त्यावर 'सा-१' लिहिलं. क्रमांक माझ्या वहीतल्याप्रमाणेच आहे.

१५ जून, रविवार

दुपारी ४ ला मळभ, ५ ला पहिला खरा पाऊस. आम्ही पंपाच्या खोलीत, दारातून मो-३ दिसत होता. फांदीच्या वरच्या अंगाने पाणी ओघळत होतं, पोटाशी येऊन थेंब होऊन खाली पडत होतं. ढोलीचं तोंड त्या थेंबांच्या रेषेच्या आत, कोरडं.

६.१० ला पाऊस ओसरला. ६.३० ला मादी बाहेर आली, अंग झटकलं, नाल्याकडे गेली. लगेच नर आला. फांदीखाली चिकटून त्याने इकडे-तिकडे पाहिलं, आत शिरला, आतल्या आत वळला, आणि त्याचं पिवळं कपाळ एकदा तोंडाशी दिसलं. मग आत गेला. ७.२० पर्यंत थांबलो, बाहेर आला नाही. वहीत लिहिलं: मो-३, दुसरी ढोली, नर रात्रीला आत. बसलेला धरायला हरकत नाही.

पुढची फेरी रविवारी, नाल्याला पाणी आलं नाही तर.